ताटावर उठलेला हात

आमच्या घरात एकही ताट सपाट नव्हतं. पितळेची होती तेव्हा नव्हतं आणि पुढं स्टीलची आली तेव्हाही नव्हतं. पाहुणा आला की माय ताटं एकेक करून जमिनीवर ठेवून बघायची. त्यातल्या त्यात जे कमी डुगडुगतं ते पाहुण्याला. आम्ही आपापलं ताट डाव्या हातानं दाबून धरायचो आणि उजव्यानं जेवायचो. मला वाटायचं सगळं जग असंच जेवतं.

ताटं आबा फेकायचे, आमचे वडील. भाजी फिकी झाली, फेकलं. बैल लंगडला, फेकलं. बांधावरून कुणाशी वाजलं, ते येऊन ताटावर निघालं. मायच्या डाव्या भुवईवर आडवी खूण होती, ती ताटाच्या कडेची. बाया विचारायच्या तेव्हा ती सांगायची की चौकट लागली. आमच्या घराच्या चौकटीची इतक्या वेळा ठेच लागलेली बाई साऱ्या पंचक्रोशीत नसेल.

आबा दारू प्यायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, मारणारा म्हणजे पिणाराच. आमचे आबा दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. पूर्ण शुद्धीत मारायचे. दिवसभर ते शेतात आणि आम्ही शाळेत, त्यामुळं सगळं घर एका जागी सापडायचं ते जेवणावर. तेव्हाच चौकशी. किती मार्क पडले, कुणी खोडी काढली, बकरी कुणी सोडली. उत्तर तोंडातल्या घासासकट द्यावं लागायचं आणि थप्पड बसली की घास समोरच्याच्या ताटात जाऊन पडायचा.

दुसरी गोष्ट तिखटाची. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात तिखट खाणं हा पराक्रम होता. हिवाळ्यात शेतात भरीत व्हायचं. कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात वांगी भाजायची, लवंगी मिरचीसोबत लाकडी मुसळानं ठेचायची, आणि पुरुष गोल करून बसायचे. जो आधी पाण्याला हात लावेल तो बाईमाणूस. आबा कधी हरले नाहीत. माझा धाकटा भाऊ चड्डीत होता तेव्हा एकदा त्यानंही पाणी न पिता भाकर संपवली. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण पाणी नाही. आबांनी त्याला खांद्यावर घेऊन गावातून फिरवलं. "मना वाघ शे हाऊ!" सगळ्यांना सांगत होते. त्याला आबांनी कौतुकानं उचलून घेतल्याचं माझ्या आठवणीत तेवढंच.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली, आणि पुरुष धरूनसुद्धा पहिली. जळगावला मावशीकडं राहून, तिची धुणीभांडी करून झाले, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. त्याचा आबांना गर्व होता. गावात कुणाचं सरकारी काम निघालं की म्हणायचे, "मनी आंडेरले लई जाय. ती सायबसंगे नीट बोलस." मुलीची इतकी किंमत करणारा बाप गावात दुसरा नव्हता. इतका मारणाराही दुसरा नव्हता. दोन्ही एकाच माणसात होतं आणि ते मला आजही नीट सांगता येत नाही.

भाऊ दहावीला तालुक्यात वर आला. मग ठरलं की तो इंजिनिअर होणार. कुणी ठरवलं विचारू नका. धुळ्याला अकरावी-बारावी सायन्स, एका मुलासोबत भाड्याची खोली, आणि डबा घरून. त्या काळी आमच्या भागातल्या एसटीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनावर कायम डब्यांची गर्दी असायची. कोणता डबा कोणत्या पोराचा हे कंडक्टरला पाठ. इंजिनाच्या धगीनं भाजी धुळ्यापर्यंत गरम राहायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे फाट्यावर उतरायचे.

इतरांचे डबे खरकटे, आंबुस वासाचे यायचे. आमचा घासूनपुसून, लख्ख. माय तो शेजारणीला उघडून दाखवायची. "दख, मना पोऱ्या कितला शहाना शे."

बारावीच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. जेवायला बसला की एक हात पोटावर. मायला हळूच म्हणाला, "माय, माले ताक-भात दे ना."

आबांनी ऐकलं. "ताक-भात? दात पडनात का तुले?"

"पोटात आग पडते, आबा."

"फिकं खाई खाई पडस ती. मिरची खा, भूक बी लागी आनि डोकं बी चाली."

आबा हे रागानं बोलत नव्हते. त्यांची तशी खात्रीच होती. आमच्याकडं मरगळलेल्या बैलालासुद्धा मिरचीचा काढा पाजत. दिवाळीनंतर डब्यातली भाजी लालभडक झाली. माय मिरची वाढवत गेली, डबा लख्ख येत गेला, आणि घरात सगळे खूश की औषध लागू पडलं.

थंडी पडली आणि एका दुपारी भाऊ फाट्यावरून चालत आला. सोबत त्याच्या खोलीतला मुलगा. त्या मुलाच्या डोक्याला पट्टी, पट्टीतून रक्त वाळलेलं. भाऊ थेट खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. तो मुलगा ओसरीवर उभ्यानंच बोलला.

"मी काहीच केलं नाही हो. जेवताना एवढंच विचारलं, फिजिक्सच्या चाचणीत किती पडले. यानं पितळी स्टोव्ह उचलला आणि माझ्या डोक्यात घातला. घरमालकानं सामान बाहेर टाकलंय."

"जेवताना विचारलं?" मी म्हणाले.

"हो. आणि तो कुठं जेवतो? मीच जेवत होतो. तुमचा डबा तो मागच्या गल्लीत डुकरांना टाकतो. मग नळावर घासत बसतो, कितीतरी वेळ. चहा-बिस्किटांवर आहे तो."

मायनं "डुकरेसले?" एवढंच विचारलं आणि आत गेली. आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बघते तर तिनं तिखटाची बरणी चुलीवर फोडली होती. घरभर खकाणा. आम्ही सगळे खोकत बाहेर पळालो, आणि भाऊ तसाच पडून, न खोकता.

पुढचे दिवस तो तसाच होता. अंघोळ नाही, झोप नाही. ओठ हलत असायचे, जवळ गेलं की सूत्रं ऐकू यायची, पुन्हा पुन्हा तीच. भाकरीचा एखादा तुकडा चघळून हातात काढून ठेवायचा. एका दुपारी मी शेजारी बसले होते, तर छताकडं बघत म्हणाला, "अक्का, मी नसलो तर चालेल ना घरात?"

मी त्याचा हात धरला आणि म्हणाले की नाही चालणार.  नंतर उठून फवारणीचं औषध होतं ते सगळं मायला सांगून शेजारच्या घरी कुलपात ठेवायला दिलं. त्या क्षणी मला कळलं की प्रश्न बारावीचा राहिला नाही. भाऊ राहतो की जातो, एवढाच प्रश्न आहे. आबांना सांगितलं की याला धुळ्याला मनाच्या डॉक्टरकडं न्यायला हवं.

"यडासना डाक्टर?" आबांचा हात उठला, पण मी बी.ए. झाल्यापासून तो माझ्यावर पडायचा नाही. "वाघले यडासना दवाखानामा लई जाशी?"

दुसऱ्या दिवशी आमचे चुलते आले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. खाटेवरच्या भावाकडं बघून त्यांनी मान हलवली. "तिखट सुटनं याचं. दादा, भरीत कर. चार मानसं बठू. खात कसा नही ते दखू."

आणि खरंच भरीत केलं.

शेतात काड्या पेटल्या. भावाला आबा आणि नाना दोन्ही दंडांना धरून घेऊन गेले. मी आणि माय भाकरींची टोपली घेऊन मागून. गावातले आणखी दोघं होते, ते हसत होते, कारण भरीत म्हटलं की सगळे हसतातच. नानांनी मुसळानं मिरच्या ठेचल्या, ओंजळभर जास्तच. भावाला मध्ये बसवलं.

"खाय," आबा म्हणाले.

भावानं मान फिरवली.

"वाघ शे ना तू? खाय."

"आबा, नको. पोटात..."

नानांनी मागून त्याचे दोन्ही हात पाठीशी पिरगाळले. आबांनी एका हातानं त्याचा जबडा दाबला, अंगठा दाढांमध्ये घुसवून तोंड उघडलं आणि दुसऱ्या हातानं भरताचा गोळा आत कोंबला. भाऊ तडफडला. नाकातून मिरची बाहेर आली. आबांनी दुसरा गोळा कोंबला. गावातल्या दोघांपैकी एक जण हसत म्हणाला, "आते दखा, भूक लागी!"

मग भावानं तोंड मिटलं.

कोवळी काकडी मोडावी तसा आवाज झाला. आबा ओरडले, तसं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अंगठा निघेना. आबांनी मोकळ्या हातानं मुसळ उचललं आणि भावाच्या खांद्यावर घातलं. एकदा, पुन्हा एकदा. गळ्याखालचं हाड मोडलं तेव्हा त्याचं तोंड उघडलं. भरीत, रक्त, मिरची सगळं आबांच्या धोतरावर. आबांनी मुसळ तिसऱ्यांदा वर नेलं, आणि या वेळी ते डोक्याच्या बेतानं होतं.

माय मध्ये आली. तिच्या हातात जळत्या काड्यांचा पेंडका होता. तिनं तो आबांच्या दाढीपर्यंत नेला. मिशीचे केस चरचरले.

"सोडा त्याले. नही ते हाई तुमना तोंडमा घालस."

तिनं आयुष्यात कधी आबांपुढं मोठ्यानं शब्द काढला नव्हता. नानांनी भावाचे हात सोडले. आबांच्या हातातलं मुसळ खाली आलं. हसणारे दोघे बांधावरून कधी गेले ते दिसलंही नाही.

मी भावाला उठवलं. माय काड्या हातात धरून उलटी चालत आमच्या मागं आली, बैलगाडीच्या रस्त्यापर्यंत. फाट्यावर धुळ्याची गाडी मिळाली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "काय व्हयनं व माय पोऱ्याले?" मायच्या तोंडून सवयीनं निघालं, "पडना." मग ती थांबली आणि म्हणाली, "बापनी मारं." साऱ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्यानं.

धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांनी भावाचा खांदा बांधला, पोट तपासलं, वजन केलं आणि मनाच्या आजाराच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. आम्ही बाकावर बसलो होतो तेवढ्यात दारातून आबा आणि नाना आत आले. आबांचा अंगठा धोतराच्या चिंधीत, वांग्याएवढा सुजलेला. पाठोपाठच्या गाडीनं आले होते. आम्हाला बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवून समोरच्या खोलीत गेले. मी दारात जाऊन उभी राहिले.

तरुण डॉक्टरांनी चिंधी सोडली. "हे कशानं?"

आबा साहेबांशी बोलताना शहरी मराठी बोलायचे. "कुत्रं चावलं."

"पाळलेलं की मोकाट?"

"घरचं आहे."

"जिवंत आहे?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "आहे."

"बांधून ठेवता येईल का काही दिवस? पिसाळलंय का हे बघायला लागेल."

नाना भिंतीकडं बघायला लागले. 

"मग पोटातली इंजेक्शनं सुरू करावी लागतील," डॉक्टर म्हणाले आणि नर्सला हाक मारली.

ती इंजेक्शनं काय असतात हे आमच्या भागात पोरासोरांना माहीत होतं. बेंबीभोवती, मोठ्या सुईनं, रोज. आबांच्या कपाळावर थंडीतही घाम आला. ज्या माणसानं लवंगीपुढं पाणी मागितलं नाही, तो माणूस सुईकडं बघत होता.

"आबा," मी म्हणाले, "सांगा."

नर्स ट्रे घेऊन आली.

"पोरानं चावलं," आबा म्हणाले.

डॉक्टर थांबले. "तुमच्या मुलानं? का?"

आबांनी सुटलेली चिंधी गोळा केली. मग खाली बघत म्हणाले, "मी त्याला जेवू घालत होतो."

ते खोटं नव्हतं.

मनाचे डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि विचारलं, "तुमच्या घरी जेवताना काय होतं?"

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत होती.  मग मायनं कपाळावरचा पदर मागं सारला आणि भुवईवर बोट ठेवलं.

डॉक्टरांना तेवढं पुरलं. म्हणाले, मुलाला मनाचा आजार आहे. वेडा नाही. काही दिवस इथं राहील, औषध महिनोन् महिने घ्यावं लागेल, आणि बरा होईल. परीक्षा यंदा नाही. "आणि जेवणाचं नीट ऐका. मिरची आणि तेल कमी. वरण-भात, पालेभाजी, ताक, फळ. वेळेवर, आणि सगळ्यांनी एकत्र बसून. त्या वेळी मार्क नाही, चौकशी नाही, हात नाही."

"त्याच्यासाठी वेगळं शिजवू," मी म्हणाले.

"वेगळं नको. वेगळं शिजवलं की घरात तोच एक आजारी ठरतो. जे तो खाईल ते सगळ्यांनी खायचं."

आबांनी मान वर केली. वर्ष वाया जाणार हे त्यांनी मुकाट ऐकून घेतलं होतं. हे मात्र झेपेना. "म्हणजे... मी पण फिकं?"

"तुम्ही पण."

"किती दिवस?"

"त्याला भूक लागेपर्यंत."

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. पारावर एकानं विचारलं, "काय आबा, डाक्टरनी मिरची बंद करी म्हने? आते बांगड्या भरा!" आबांनी डाव्या हातानं त्याचा दात पाडला. पुष्कळ दिवस कुणी त्या वाटेला गेलं नाही.

माय मात्र बदलली होती. सुक्या मिरच्यांचं पोतं तिनं नानांच्या घरी पाठवून दिलं. आबा गरजले. ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "पोऱ्या घर येवाव शे. एक बी ताट उडनं, ते मी त्याले लईसन माहेरले जास. मंग खा तुमनी मिरची." आणि भाकर उलटली.

भाऊ घरी आला त्या दिवशी मायनं मुगाचं वरण केलं, भात, मेथीची भाजी, ज्वारीची भाकर. पारोळ्याच्या बाजारातून यावलकडची केळी आणली होती. आम्ही चौघं गोल करून बसलो. आबांचा अंगठा पट्टीत, म्हणून ते चार बोटांनी खात होते.  घरात इतकी शांतता जेवताना कधी नव्हती आणि ती मला मारापेक्षा जड वाटत होती.

भावानं थोडा भात खाल्ला. मग ताटाकडं बघतच बोलला. औषधानं त्याचा आवाज जड झाला होता.

"आबा, मला सायन्स नको. पुढच्या वर्षीपण नको. मी इंजिनिअर नाही होणार."

मायचा हात वरणाच्या पातेल्यावर थांबला. मी भावाच्या आणि आबांच्या मधे सरकले. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जबडा हलला. डावा हात ताटाच्या कडेखाली गेला. ताट जमिनीवरून उचललं गेलं, बोटभर.

ते त्यांनी खाली ठेवलं.

उठले आणि बाहेर गेले. अंगणात बाभळीचा ओंडका पडला होता. कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला तेव्हा भिंतीवरचा आरसा हलला. दुसरा घाव. तिसरा. मधे मधे शिव्या, त्या कुणाला होत्या कळलं नाही. जखमी अंगठ्यानं कुऱ्हाड धरलेली, पट्टी नक्की भिजली असणार. कोंबड्या ओरडत घरात घुसल्या.

प्रत्येक घावाला भाऊ दचकत होता. हातातला घास ताटात पडला. त्यानं तो पुन्हा कालवला. पुन्हा घाव, पुन्हा पडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाठ घामानं ओली होती. आबा आत येतील या भीतीनं तो दाराकडं बघत राहिला. आबा आत आले नाहीत. घाव चालूच.

मग त्यानं घास तोंडात घातला आणि चावला. सावकाश, बाहेरच्या घावांमधली जागा बघून. दुसरा घातला. माय त्याच्याकडं बघत नव्हती, बघितलं तर थांबेल म्हणून ती चुलीकडं तोंड करून बसली होती.

ओंडका फुटल्याचा मोठा आवाज झाला. आबांनी दुसरा ओढत आणला.

"अक्का," भाऊ म्हणाला, "वरण वाढ ना थोडं."